दुसऱ्या दिवशीही पँट

कॅनडात रेजिनाला आले त्या पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी मला आपल्या दारात उभं करून दोन्ही हात वर करायला लावले.

मी त्यांचं बेसमेंट भाड्याने बघायला गेले होते. बाहेर उणे तीस. माझ्या अंगात मॉलमधून घाईघाईत घेतलेला, घोट्यापर्यंत पोचणारा जाडजूड कोट. दार उघडलं तर समोर साधारण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काटकुळ्या, ताठ बाई. गळ्यात मोजपट्टी, कॉलरला टाचण्यांची रांग. त्यांनी नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "हात वर कर."

मला वाटलं, झडती घेतायत. केले.

"आणखी वर."

"होत नाहीत."

"दिसतंय ते. हा कोट नाही, पार्सल आहे. ज्यात हात वर होत नाहीत, पायरी चढता येत नाही, पळता येत नाही, त्यात बाईला नुसतं गुंडाळलेलं असतं." मग कोट काढून घेतला आणि म्हणाल्या, "बेसमेंट डावीकडे. बूट काढून जा."

कोट चार दिवसांनी परत मिळाला. दोन्ही बाजूंना चिरा आणि काखेत, बाही जोडतात तिथे, पतंगाच्या आकाराचा एकेक जादा तुकडा. हात थेट आभाळाला लागत होते. नागपूरला माझी आई घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे शिवणीतलं मला थोडं कळतं. मी विचारलं, "हे काखेचं कोणाकडून शिकलात?"

"कोणाकडून नाही. मलाच सुचलं."

त्या बेसमेंटमध्ये मी सहा वर्षं राहिले. बाईंना जाऊन आता वर्ष होईल.

त्यांच्याकडे आठ पँटी होत्या, आठही करड्या लोकरीच्या, आठही एकसारख्या. इस्त्रीची घडी अशी, की तिच्यावर बोट कापावं. त्या पँटीत त्या ग्रोसरीला जात, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत आणि वरच्या मजल्यावर शिवणयंत्रावर बसत. स्कर्ट घातलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. ग्रोसरीच्या रांगेत पुढच्या अनोळखी बाईची बाही चिमटीत धरून "इथे ओढतंय नं तुला?" असं विचारायची त्यांना सवय होती. मी लाजेने ब्रेडच्या शेल्फकडे बघत राहायचे. काही बायका चिडत. पण काही खरंच थांबून म्हणत, "हो, ओढतं." मग बाई तिथेच, कार्टशेजारी, त्यांच्या बाहीला टाचणी लावून देत.

फाइल रूमची गोष्ट त्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात सांगितली, आणि नंतर दर हिवाळ्यात एकदा.

पंचविशीत असताना त्या एका विम्याच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. तिथे बायकांनी पँट घालायची नाही असा नियम होता. बाहेर उणे चाळीस असलं तरी नाही. मुली बसस्टॉपवर स्कर्टखाली पँट घालून उभ्या राहायच्या आणि ऑफिसात शिरल्या की आधी वॉशरूममध्ये जाऊन ती काढायच्या. एका जानेवारीत बाईंच्या पिंढऱ्या हिमदंशाने काळ्यानिळ्या पडल्या. त्यांनी रविवारी बसून एक पँट शिवली आणि सोमवारी तीच घालून टाइपरायटरसमोर बसल्या.

"मॅनेजर काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, घरी जा आणि नीट कपडे घालून ये. मी गेले. मंगळवारी परत तीच पँट घालून आले."

"परत घरी पाठवलं?"

"पाठवलं. बुधवारीही. गुरुवारी त्याला एक पत्र तातडीने टाइप करून हवं होतं. तेव्हा त्याने मला मागच्या फाइल रूममध्ये बसवलं. म्हणाला, इथे तुला गिऱ्हाइकं तरी बघणार नाहीत."

त्या खिडकी नसलेल्या खोलीत बाई दोन वर्षं बसल्या. पगारवाढ नाही, ख्रिसमसच्या पार्टीचं बोलावणं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आणखी एक मुलगी पँट घालून आली. तिलाही मागे पाठवलं. मग तिसरी, मग चौथी.

"शेवटी फाइल रूममध्ये खुर्च्या पुरेनात," बाई सांगायच्या, "आणि पुढे फोन उचलायला कोणी उरलं नाही. तेव्हा नियम गेला. कोणी जाहीर केलं नाही. एका सोमवारी तो नुसता नव्हता."

या गोष्टीचं तात्पर्य त्या नेहमी एकाच वाक्यात सांगत. "पहिल्या दिवशी कोणीही घालतं. दुसऱ्या दिवशी घालणं अवघड."

नियम गेला त्याच वर्षी बाईंनी नोकरी सोडली आणि शिवणकाम सुरू केलं. पुढची तीसेक वर्षं शहरातल्या नोकरी करणाऱ्या बायका त्यांच्याकडून पँटी शिवून घेत होत्या. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "वेळ नव्हता, ऑर्डरी होत्या."

मी त्यांना माझ्या पणजीची गोष्ट सांगितली तो दिवस मला आठवतो. त्या शिवत होत्या, मी दोरे कापत होते. मी म्हटलं, आमच्या समाजातल्या बायकांना त्या काळी लुगडं घोट्यापर्यंत नेसायची मुभा नव्हती. ते वर, पिंढऱ्या उघड्या टाकूनच नेसायचं, म्हणजे लांबूनच कळावं की ही कोण. मग एका मोठ्या सभेत आमच्या बायकांना सांगितलं गेलं की लुगडं घोट्यापर्यंत नेसा. पणजी गावी परतली ती तसंच नेसून.

बाईंनी यंत्र थांबवलं. "गावाने काय केलं?"

"विहिरीवरून हाकललं, असं आई सांगते. वाटेत लुगडं ओढलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही ती तसंच नेसली."

बाईंनी यंत्राखालचं कापड सरळ केलं. मग म्हणाल्या, "माझी फाइल रूम उबदार तरी होती."

मी सिटीच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात सिव्हिल इंजिनिअर. पहिली दोन वर्षं मला टेबलावरच ठेवलं होतं. मग साइटवर जायची संधी आली, तर स्टोअरमधून जो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा सेफ्टी कव्हरऑल मिळाला तो सहा फुटी पुरुषाचा. बाह्या चार घड्या मारून वर केल्या तरी बोटांवर यायच्या. खंदकाच्या शिडीवर पाय अडकून मी धडपडले आणि वरून कोणीतरी हसलं. घरी येऊन मी बाईंना म्हटलं, "तुम्ही हा आल्टर करून द्या, नाहीतर मी साइट सोडते. टेबल काय वाईट आहे?"

त्यांनी कव्हरऑल हातात घेतला, उलटा केला, परत दिला. "मी याला हात लावणार नाही. हा तुझ्या मापाचा आणणं हे त्यांचं काम आहे. उद्या जाऊन माग."

मी मागितला. स्टोअरवाला म्हणाला, बायकांचा साइज येत नाही. दुसऱ्या दिवशी परत मागितला. तिसऱ्या दिवशी मी काउंटरशी पोचायच्या आत तो म्हणाला, "नाही आलेला." मी रोज सकाळी पावणेआठला जात राहिले. पाचव्या आठवड्यात एक खोका आला. त्यात तीन होते. उरलेले दोन कोणासाठी, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुझ्यासारखी आणखी कोणी आली तर असावेत म्हणून."

बाईंना सांगितलं तर त्यांनी फक्त माझे हात वर करून बघितले आणि मान हलवली.

आता त्यांच्या आईची गोष्ट, कारण खरी गोष्ट तीच आहे.

वरच्या मजल्यावर शिवणयंत्रासमोरच्या भिंतीवर निळा, जाड कापडाचा ओव्हरॉल टांगलेला असायचा. जुना, तेलाच्या डागांचा. एक पाय गुडघ्याखाली कापलेला. तो बाईंच्या आईचा. बाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धावर गेले तेव्हा आई इथल्याच एका कारखान्यात तोफांचे सुटे भाग बनवायला लागली. ती लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवायची. बाई तेव्हा चारपाच वर्षांच्या. आई संध्याकाळी ओव्हरॉल घालूनच घरी यायची आणि लेकीला उचलून डोक्यावर धरायची, एवढं त्यांना स्पष्ट आठवत होतं. युद्ध संपलं. एका शुक्रवारी सगळ्या बायकांना ओळीत उभं करून आभार मानले, आणि सांगितलं की तुमचे नवरे परत येतायत, सोमवारपासून येऊ नका.

वडील आले. सगळे सस्काटूनच्या अलीकडे एका छोट्या गावात शेतीवर राहायला गेले. युद्धात कापड जपून वापरायचं होतं. आता ते मुबलक झालं, आणि मासिकांत नवी फॅशन आली. कंबर मुठीत मावेल एवढी आणि खाली स्कर्टचा हा भलामोठा घेर. आईने रात्रंदिवस खपून तसा एक ड्रेस शिवला. मागचे हुक लावायला तिने आठ वर्षांच्या लेकीला बोलावलं.

"ती श्वास धरून उभी होती," बाई म्हणाल्या, "आणि मी हुक ओढत होते. मला वाटलं, ही माझी आई नाही. माझी आई मला डोक्यावर उचलायची, हिला वाकताही येणार नाही. थोड्या दिवसांनी ओव्हरॉलचा पाय कापलेला दिसला. मला वाटलं, फडकी केली."

अठराव्या वर्षी घर सोडताना त्या आईला म्हणाल्या होत्या, "तू हरलीस." पुढे आई वारली तेव्हा ड्रेस एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बाईंकडे आला. ओव्हरॉल त्यांनी भिंतीवर लावला. खोकं पलंगाखाली सरकवलं. चाळीस वर्षं ते उघडलं नव्हतं.

माझ्या पाचव्या हिवाळ्यात एका लहानशा संग्रहालयातून ईमेल आली. युद्धानंतरच्या बायकांच्या फॅशनवर ते प्रदर्शन भरवत होते, आणि आईच्या गावातल्या कोणीतरी त्यांना त्या ड्रेसबद्दल सांगितलं होतं. बाई कॉम्प्युटरला हात लावत नसत, म्हणून त्यांची उत्तरं मी टाइप करायचे.

पहिलं उत्तर होतं, "ड्रेस देते, पण ओव्हरॉलही लावा." सोबत मी ओव्हरॉलचा फोटो जोडला.

तिकडून आलं, ओव्हरॉल फाटका आहे, आणि तो काही फॅशन म्हणता येणार नाही.

"मग ड्रेसही नाही."

तीन आठवडे हेच चाललं. शेवटी संग्रहालयातली मुलगी स्वतः आली. असेल सव्वीसेक वर्षांची, गोड, घाबरलेली. बर्फातून दोन बस बदलून आली होती, म्हणून बाईंनी तिला चहा दिला. ती म्हणाली, "निदान बघू तरी द्या. मग नाही म्हणा."

बाईंनी मला खोकं आणायला सांगितलं. स्वतः खुर्चीवरून उठल्या नाहीत. मीच दोरी सोडली आणि ड्रेस किचनच्या टेबलावर पसरला. गडद हिरवा. घेर एवढा की टेबलाच्या चारी बाजूंनी खाली ओघळला. मुलीच्या तोंडून "ओह" निघालं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

मी बाही सरळ करायला गेले आणि बोटांना काखेत काहीतरी खरखरीत लागलं. बाही उलटली. पतंगाच्या आकाराचा तुकडा होता. जाड, निळा. दुसऱ्या काखेत तसाच. कमरेच्या पट्ट्याखाली बोट घातलं तर दोन्ही बाजूंना शिवण उसवून बोटभर रुंदीची निळी पट्टी जोडलेली. वरून पट्टा बांधला की काही दिसणार नाही.

"बाई," मी म्हटलं, "इकडे या."

"तिथूनच सांग."

"नाही. तुम्ही या."

त्या आल्या. चष्मा लावला. काखेतल्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग वर गेल्या आणि भिंतीवरचा ओव्हरॉल घेऊन आल्या. कापलेला पाय ड्रेसशेजारी ठेवला. तेच कापड. एका निळ्या तुकड्यावर तर तेलाचा डागही होता.

मी हळूच म्हटलं, "तिने फडकी केली नव्हती."

"मला दिसतंय," बाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बसल्या. मी माझ्या कोटाबद्दल काही बोलले नाही, पण त्यांनाही तेच आठवत असणार. मलाच सुचलं, असं त्या म्हणाल्या होत्या. आठ वर्षांच्या मुलीने आईला ते तुकडे शिवताना पाहिलं असेल आणि विसरली असेल. किंवा आईने मुद्दाम पाहू दिलं नसेल.

"मी तिला काय म्हटलं होतं, माहितीय नं तुला?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"तिने तेव्हा बाही उलटून दाखवायला हवी होती मला."

"तुम्ही बघितली असती?"

त्यांनी चष्मा काढला. "नाही," म्हणाल्या. "अठराव्या वर्षी नाही."

मुलीने आता दोन्ही कपडे मागितले. बाईंनी एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात वरून शिवणयंत्राचा आवाज आला नाही. मग त्यांनी दोन्ही कपडे स्वतःच्या हाताने घडी करून दिले.

प्रदर्शनात ड्रेसच्या बाह्या तारेने वर उचलून लावल्या होत्या, काखेतलं निळं कापड दिसेल अशा. शेजारी ओव्हरॉल. बाईंनी सगळं नीट पाहिलं आणि भिंतीवरची पाटी वाचली. पाटीवर लिहिलं होतं की युद्धानंतर स्त्रिया घराकडे परतल्या आणि वेशभूषेत नाजूकपणा परत आला.

"हे बदला," बाई म्हणाल्या.

"काय चुकलं?" मुलीने विचारलं.

"परतल्या नाहीत. त्यांना पाठवलं."

उद्घाटनाला वीस मिनिटं होती. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी खुर्ची ओढून बाईंना बसायला दिली, कारण पाटी बदलल्याशिवाय त्या हलणार नाहीत हे मला माहीत होतं. मुलगी पळत ऑफिसात गेली आणि नवी पाटी छापून आणली. चिकटपट्टी लावताना ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला विचारलं, "विंटर टायर्स घातलेस का?"

आम्ही त्या गावी गेलो. दोन तासांहून थोडा जास्त रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरी शेतं. गावाची दफनभूमी रस्त्याला लागूनच आहे. आईवडिलांचा दगड एकच. त्यावर वडिलांचं नाव, त्यांची पलटण, आणि खाली आईचं नाव, त्यापुढे "यांची पत्नी". बस. बाई बर्फात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे एक ओळ कमी आहे."

दफनभूमीची व्यवस्था बघणारे सत्तरीचे एक गृहस्थ होते, शेतकरी, स्वभावाने भले. त्यांच्या घरी आम्हाला कॉफी मिळाली. बाईंनी कागदावर लिहून दिलं. आईच्या नावाखाली "लेथ ऑपरेटर" एवढंच कोरायचं.

ते डोकं खाजवत म्हणाले, "हे असं इथे कोणी लिहीत नाही. आणि ते काम तिने केलं किती? चार वर्षं."

"तुमचे वडील युद्धावर किती वर्षं होते?" बाईंनी विचारलं.

"चार."

"त्यांच्या दगडावर पलटण लिहिलीय. येताना वाचली मी."

त्या गृहस्थांच्या बायकोने, जी इतका वेळ स्टोव्हशी उभी होती, वळून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवावं लागेल. बाई म्हणाल्या, "ठेवा. मी दर सोमवारी फोन करीन."

त्यांनी दर सोमवारी फोन केला. मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, ओळ कोरली गेली. आम्ही बघायला गेलो तेव्हा बाईंनी रुमालाने अक्षरांतली धूळ पुसली आणि आईशी काहीतरी बोलल्या. मी गाडीजवळ थांबले होते, ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, झोपेतच, त्या गेल्या. मृत्युपत्रात माझ्यासाठी एक सूचना होती. त्यांना आईवडिलांच्या शेजारी ठेवायचं, आणि दगडावर नावाखाली एकच शब्द कोरायचा. शिंपीण.

मी त्या गृहस्थांना फोन केला. वाद होईल म्हणून मी मुद्दे कागदावर लिहून ठेवले होते. दर सोमवारी फोन करायचीही तयारी होती. त्यांनी शब्द ऐकला आणि लिहून घेतला.

मग म्हणाले, "अक्षरं केवढी हवीत?"

मी म्हटलं, "रस्त्यावरून वाचता येतील एवढी."